धाकटीवरचा पहारा

गल्लीत त्याला सगळे दादा म्हणत, त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. याला कारण त्याची बहीण. लहानपणी ती दिवसभर ‘दादा, दादा’ करत त्याच्या मागे हिंडायची, आणि ते ऐकून ऐकून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. तिचंही तसंच झालं. घरात तिला धाकटी म्हणत, म्हणून बाहेरचेही धाकटी म्हणू लागले, आणि ती चाळिशी ओलांडून गेली तरी धाकटीच राहिली.

दादाचा धंदा कवळ्या बनवण्याचा. वडिलांनी सुरू केलेला, त्याने पुढे नेलेला. वर घर आणि खाली कारखाना. कारखाना म्हणायचा एवढंच, खरं तर ती एक लांबट खोली. खिडकीला लागून लाकडी बाक, बाकावर मेणाचे तुकडे, छोटी भट्टी, पॉलिश करायचं फिरतं चाक, आणि सगळ्यांवर प्लास्टरची पांढरी भुकटी. दाताचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा ठसा पाठवत. दादा त्यावरून साचा करी, मेणात एकेक दात बसवी, वरचा खालच्यावर नीट टेकतो का ते पाही. एवढं झालं की काम धाकटीच्या हातात जाई. कारण नुसते शुभ्र, सारखे दात बसवले की माणूस दात विचकल्यासारखा दिसतो. धाकटी बारीक ब्रश घेऊन एखाद्या दाताला मुळाशी किंचित पिवळट करी, दुसऱ्यावर केसाएवढी करडी रेघ ओढी, आणि पाहता पाहता त्या कवळीत जीव येई. डॉक्टर तिच्या कामावर खूश असत. गिऱ्हाइकं घरी जाऊन आरशात पाहत आणि म्हणत, हे तर माझेच दात.

धाकटी पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा ती ऐन पंचविशीत होती. सुरुवातीला कुणाला तो आजार वाटलाच नाही. उलट दादा खूश होता. आठवड्याचं काम धाकटी दोन दिवसांत उरकत होती, गात होती, हसत होती, येईल त्याच्याशी गप्पा मारत होती. मग ती कारखान्याच्या भिंती रंगवायला लागली. भिंती संपल्या तेव्हा शेजारच्या शिंप्याचं फाटक रंगवलं, तेही त्याला न विचारता, भडक लाल. शिंपी भांडायला आला तर त्यालाच तिने समजावलं की गल्लीतली सगळी फाटकं लाल झाली पाहिजेत, मग इथली माणसं एकमेकांशी खरं बोलू लागतील. झोप तर तिची उडालीच होती. एके दिवशी ती न सांगता बसमध्ये बसून दूरच्या शहरात गेली आणि तिथल्या एका रंगाच्या कारखान्याच्या फाटकात उभी राहून मालकाला बोलवा म्हणून अडून बसली. पोलिसांनी फोन केला, दादा जाऊन घेऊन आला. त्यानंतर ती अंथरुणाला खिळली. महिनेच्या महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. केस विंचरायलाही हात उचलत नव्हता.

आई म्हणत राहिली, तिचा स्वभावच तसा आहे, कळेल तिला हळूहळू. मामा म्हणाला, लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल. दादाने दोघांचं ऐकून घेतलं आणि तिला हॉस्पिटलात नेलं. मनाच्या आजारांचा विभाग मागच्या बाजूला होता, धोबीखान्याच्या पलीकडे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा नाव सांगितलं. बायपोलर. मन कधी एवढं वर जातं की जमीन दिसेनाशी होते, आणि मग एवढं खाली येतं की आभाळ दिसत नाही. आयुष्यभराचा आजार आहे, बाई म्हणाल्या, पण औषधाने आटोक्यात राहतो, आणि माणसं काम करतात, संसार करतात, जगतात.

दादाच्या कानात त्यातलं ‘आयुष्यभर’ एवढंच राहिलं. आई पुढे वारली. जाताना तिने त्याच्याकडून कसलंही वचन घेतलं नाही. गरजच नव्हती. धाकटीला सांभाळायचं हे त्याने कधीच ठरवून टाकलं होतं, आणि एकट्यानेच.

तिथून पहारा सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ तो समोर उभा राहून तिला गोळी देई, पाण्याचा घोट गिळलेला पाही, आणि जीभ वर करायला सांगे. ती जरा मोठ्याने हसली की तो हातातलं काम टाकून बघायला येई. जरा गप्प बसली तरी येई. तिने नवा कुडता आणला तर तो किमतीची चिठ्ठी पाही, फोनवर कुणाशी बोलली तर जिन्यात थांबून ऐकी. डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणतात ते त्याने वर्षानुवर्षं केलं. आणि बाहेर कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. धाकटी दिसत नाही, असं दाताच्या डॉक्टरांनी विचारलं की तो म्हणे, पाठीचा त्रास आहे तिला, उठवत नाही. ही पाठ इतकी वर्षं दुखत राहिली की एका दयाळू डॉक्टरांनी हाडांच्या तज्ज्ञाचा पत्ता दिला, आणि दुसऱ्यांनी कमरेला बांधायचा पट्टा पाठवून दिला. पट्टा परत कसा करायचा, म्हणून तो माळ्यावर पडून राहिला.

दादाचं लग्न धाकटीच्या पहिल्या आजारपणानंतर झालं. त्याने मुलीला आधी सगळं खरं सांगितलं होतं, आणि तिने हो म्हटलं होतं. ती दवाखान्यात परिचारिका किंवा तसलं काही नव्हती. एका छापखान्यात मजकूर तपासायची. चुका शोधणं हेच तिचं काम, तरी घरात ती कुणाची चूक काढायची नाही. नणंदेशी तिचं जमलं. पण नवऱ्याशी हळूहळू जमेनासं झालं. भांडण नव्हतं. त्याचं लक्षच कुठे नसायचं. जेवताना त्याचा एक कान धाकटीच्या खोलीकडे असे. कुणाच्या लग्नाला जायचं तर दोघांतलं एक जाई. बायको काही सांगायला लागली की तो मधेच उठून जिना उतरे, खाली काय वाजलं ते पाहायला. आणि बायको म्हणाली, आज मी बघते तिच्याकडे, तुम्ही जरा बाहेर जाऊन या, तर तो म्हणे, तुला नाही समजायचं तिचं, मला माहीत आहे. हे त्याने इतक्या वेळा म्हटलं की तिने विचारणं सोडलं.

त्यांना एकच मुलगी. हुशार, अबोल. बारावी झाल्यावर तिने मुद्दाम दूरच्या कॉलेजात अर्ज केला. जवळही चांगली कॉलेजं होती. दादाने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, “बाबा, या घरात सगळेजण दबक्या पावलांनी चालतात. मला जरा पाय आपटून चालायचंय.” तो हसला, पण ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं.

एवढ्या वर्षांत धाकटी बऱ्याच अंशी सावरली होती. गोळ्या लागू पडत होत्या. पण त्या गोळ्यांनी तिचा हात थरथरू लागला होता. कप धरताना, बटण लावताना फारसं कळत नसे. ब्रश हातात घेतला की कळे. केसाएवढी रेघ ओढायची आणि ती मधेच वळवळायची. ती पुसून पुन्हा ओढायची, पुन्हा वळवळायची. एकदा तिने ब्रश खाली ठेवला आणि दादाला म्हणाली, माझा हात बघ. दादा त्या वेळी घाईत होता. तो म्हणाला, हाताचं राहू दे गं, डोकं ठिकाणावर आहे ना, तेवढं बास आहे. सगळं आयुष्य हातावर काढलेला माणूस हे बोलला. धाकटीने पुन्हा विषय काढला नाही.

आणि कधीतरी तिने गोळ्या बंद केल्या. एवढा पहारा असूनही. कशा केल्या ते दादाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्याने पुढे कधी विचारलंही नाही. त्याला एवढंच दिसत होतं की हात स्थिर झालाय, काम देखणं होतंय, धाकटी आनंदात आहे. ती भराभर बोलत होती, हे दिसत होतं. पण त्याला वाटलं, एवढ्या वर्षांनी बहीण हसतेय, तर आपणच कशाला संशय घ्यायचा. बायको म्हणाली, मला तिचं लक्षण ठीक वाटत नाही. तो म्हणाला, तुला नाही समजायचं.

मग एके दिवशी दुपारी एका दाताच्या डॉक्टरांचा फोन आला. हे त्याला सगळ्यात जास्त काम देणारे डॉक्टर, कधी आवाज न चढवणारे. त्या दिवशी ते संतापलेले होते. गावाच्या टोकाला वृद्धाश्रम होता, तिथल्या एका आजोबांना ते तपासत. आजोबांनी त्यांना सांगितलं होतं की तुमची आता गरज नाही, कवळीवाल्यांची बहीण सगळ्या आश्रमाला नवे दात देणार आहे आणि आत्ता ठसे घेतेय. डॉक्टरांनी विचारलं, कुणाच्या परवानगीने, आणि एखाद्या म्हाताऱ्याच्या घशात ते ओलं प्लास्टर गेलं तर जबाबदार कोण. दादाची दातखीळ बसली. फोन तसाच ठेवून तो धावत सुटला.

वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात त्याने जे पाहिलं ते तो विसरू शकला नाही. भिंतीशी खुर्च्यांची रांग, त्यात म्हातारी माणसं, गळ्याशी टॉवेल खोचलेली. कारखान्यातली निम्मी भांडी टेबलावर मांडलेली. आणि मधोमध धाकटी, केस सुटलेले, गालांची हाडं वर आलेली, पण चेहऱ्यावर असं तेज की नजर हलू नये. ती एकेकाच्या पुढ्यात बसून विचारत होती, तुमचे खरे दात कसे होते, पुढे फट होती का, एखादा वाकडा होता का, हसताना कुठला आधी दिसायचा. आणि ती माणसं सांगत होती. कित्येक वर्षांत त्यांना असं कुणी काही विचारलं नव्हतं. एक आजी हसत होती आणि रडतही होती.

दादा तिच्याजवळ गेला, दंड धरला आणि हळूच म्हणाला, चल घरी. तिने हात झिडकारला. त्याने पुन्हा धरला. तेव्हा ती सगळ्यांकडे वळली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, “हा माझा भाऊ नाही. भाऊ होता. आता हा माझा पहारेकरी आहे. माझ्या तोंडात बघतो रोज, घोड्याच्या बघावं तसं.”

आश्रमाच्या व्यवस्थापकांनी पुढे येऊन विचारलं, काय होतंय त्यांना. दादाने तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, पाठीचा त्रास... पुढे त्याला बोलवेना. समोर बहीण टेबलावर उभी राहत होती, आणि तो तिची पाठ दुखते असं सांगत होता. तो भिंतीला टेकला. हात टेकले म्हणतात, तसे त्याने त्या क्षणी खरोखरच टेकले.

तेवढ्यात त्याची बायको आली. शिंप्याने तिला छापखान्यात फोन करून सांगितलं होतं की दादा अनवाणी वृद्धाश्रमाकडे धावत गेलाय. ती नवऱ्याकडे वळली नाही. टेबलाशी गेली, जमिनीवर बसली आणि वर बघून म्हणाली, “धाकटे, तू शेवटची कधी झोपलीस?”

धाकटी बोलता बोलता थांबली. “आठवत नाही.”

“मलाही आठवत नाही मी नीट कधी झोपले ते. मला फार थकायला झालंय गं. उतर खाली. आपण दोघी जाऊ डॉक्टरीणबाईंकडे.”

“दादा नको.”

“दादा नाही. दोघीच.”

धाकटी उतरली. दोघी रिक्षात बसल्या. दादा मागून चालत हॉस्पिटलात पोहोचला, तोवर बाईंनी तिला दाखल करून घेतलं होतं.

ती बरेच दिवस आत होती. त्या दिवसांत दादा बाकावर बसे, पण हातून काम होत नसे. मुलीचा फोन आला तर तो म्हणे, सगळं ठीक आहे. एका संध्याकाळी बायको कामावरून आली, त्याच्यासमोरचं मेणाचं भांडं बाजूला सारलं आणि त्याच्यापुढे बसली. आता ती घर सोडून जायचं म्हणणार, असं त्याला वाटलं. मनाची तयारीही त्याने केली होती.

“अहो, मी धाकटीला कंटाळलेली नाही,” ती म्हणाली. “हे नीट ऐका. मी तुम्हाला कंटाळलेय. तुमच्याशिवाय तिला कुणी सांभाळूच शकत नाही, हे जे तुम्ही धरून बसलाय ना, त्याला कंटाळलेय. तुम्ही तिला आजारी ठेवलंय, मला परकी ठेवलंय, आणि पोरीला लांब पाठवलंय. आता यापुढे मी विचारणार नाही. मी करणार. तुम्हाला पटो न पटो.”

दादाने हातातला मेणाचा तुकडा बाकावर ठेवला. मग त्याने फक्त विचारलं, “मी काय करू?”

“आधी पाठ बरी करा तिची,” बायको म्हणाली.

त्याला कळायला क्षण लागला. कळलं तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने चांगला सदरा घातला आणि घराबाहेर पडला. पहिल्यांदा गेला तो त्या संतापलेल्या डॉक्टरांकडे. रुग्ण संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिला. आत गेल्यावर उभ्यानेच सांगून टाकलं, की बहिणीला बायपोलर आहे, वर्षानुवर्षं आहे, पाठीचं सगळं मी रचलेलं होतं, आणि आश्रमात घडलं ते तिच्या आजारामुळे आणि माझ्या लपवण्यामुळे. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “म्हणजे मी पाठवलेला तो पट्टा वाया गेला म्हणायचा.” एवढं बोलून ते गंभीर झाले. सध्या आपण काम पाठवणार नाही असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. रुग्णांची जबाबदारी आपल्यावर आहे, आधी तुमचं घर नीट लागू दे. दादाने मान डोलावली. हे त्याने धरूनच ठेवलं होतं. पण बाहेर पडताना त्याच्या लक्षात आलं की आपण ते बोललो आणि छप्पर कोसळलं नाही.

मग तो वृद्धाश्रमात गेला. त्याच दिवाणखान्यात, त्याच माणसांपुढे उभा राहिला. नजर खाली गेली की तो मुद्दाम वर करी. त्याने सांगितलं की ते ठसे वापरता येणार नाहीत, तिने दिलेला शब्द आजारात दिला होता, आणि तुम्हाला जी आशा लागली तिच्याबद्दल मी माफी मागतो. मग ती आजी, जी त्या दिवशी हसत आणि रडत होती, तिने काठी आपटून लक्ष वेधलं. ती पूर्वी टपाल खात्यात होती, अजूनही तिचा आवाज खिडकीमागून आल्यासारखा खणखणीत होता.

“माझ्या थोरल्या बहिणीचं असंच होतं,” ती म्हणाली. “आम्ही तिला मागच्या खोलीत कडी लावून ठेवायचो. पाहुणे आले की सांगायचो ती परगावी आहे. ती खोलीतच गेली. तुम्ही निदान डॉक्टरकडे नेलीत.” थोडं थांबून ती पुढे म्हणाली, “पण माझ्या फटीचं काय? मी तिला फट सांगितली होती.”

दादाने तिथेच ठरवलं. ज्यांना खरंच गरज आहे त्यांना डॉक्टर तपासतील, डॉक्टरच ठसे घेतील, आणि कवळ्या आपण करू, वेळ लागला तरी चालेल. त्याने ते व्यवस्थापकांना सांगितलं, आणि डॉक्टरांचं मन वळवण्यासाठी पुढे त्यांच्यापुढे दातांच्या कण्या केल्या. ते तयार झाले, पण लगेच नाही.

धाकटी घरी आली तेव्हा मलूल होती. झालेलं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवत होतं आणि आठवलं की ती तोंड झाकून घेई. ती जरा बोलती झाल्यावर तिघं मिळून डॉक्टरीणबाईंकडे गेले. याआधी आत फक्त दादा जात असे आणि तिच्या वतीने तोच बोलत असे. त्या दिवशी तो खुर्ची मागे ओढून गप्प बसला. बाईंनी धाकटीला विचारलं, गोळ्या का सोडल्यास. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं थरथरत होती.

“हे हात माझं काम आहे,” ती म्हणाली. “मी बरी आहे असं सगळे म्हणतात. पण मला रेघ ओढता येत नाही. मग बरी कशासाठी राहायचं?”

बाईंनी ते हात बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, हे तू मला आधी सांगायला हवं होतंस, आणि मीही तुला विचारायला हवं होतं. औषध थांबवता येणार नाही, पण मात्रा हळूहळू बदलून पाहू, रक्त तपासत राहू, थरथर कमी करायला आणखी एक गोळी आहे तीही पाहू. पूर्ण जाईल असं वचन देत नाही. धाकटी म्हणाली, वचन नको, बघा म्हणालात तेवढं पुरे.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात तिघांचं बोलणं झालं. खरं तर धाकटीच बोलली. ती म्हणाली, मी वर जायला लागले की मला ते कळत नाही, मला वाटतं बाकीचेच मंद झालेत. तेव्हा कुणीतरी मला सांगावं लागेल. पण दादाने सांगू नये. तो माझ्याकडे असा बघतो की मी म्हणजे तडा गेलेला साचा. वहिनीने सांगावं. वहिनी एकदाच सांगते आणि कटकट करत नाही. तिने सांगितलं की मी चिडेन, पण दवाखान्यात जाईन. हे मी आत्ता, शुद्धीत असताना सांगतेय. आणि गोळी मी माझी घेईन. तोंडात कुणी बघायचं नाही. दादाने विचारलं, आणि विसरलीस तर? ती म्हणाली, तर विसरेन, आणि तुला येऊन सांगेन.

दादाला हे जड गेलं. पहिल्या दिवशी गोळीच्या वेळेला तो खाली कारखान्यात पॉलिशचं चाक चालू करून बसला, म्हणजे वरचं काही ऐकू येऊ नये. चाकावर काहीच नव्हतं. ते नुसतंच फिरत होतं. बायकोने जिन्यातून डोकावून पाहिलं आणि काही न बोलता परत गेली.

या ठरावाची परीक्षा पुढच्या वर्षी झाली. थरथर पुष्कळ कमी झाली होती, धाकटी अर्धा दिवस काम करत होती, डॉक्टरांकडून पुन्हा ठसे येऊ लागले होते. मग तिचं बोलणं भराभर व्हायला लागलं. तिला कारखान्यात नवी खिडकी पाडायची होती, उजेड कमी पडतो म्हणून, आणि तिने गवंड्यालाही बोलावून ठेवलं होतं. दादाला सगळं दिसत होतं. त्याचे हात शिवशिवत होते, जीभ तोंडात ठरत नव्हती. पण तो जागचा हलला नाही. आयुष्यात त्याने नाना कामं केली असतील, त्या सकाळी खुर्चीत बसून राहण्याएवढं अवघड एकही नव्हतं.

बायको खाली आली आणि म्हणाली, “धाकटे, आता मी सांगतेय.”

धाकटीच्या हातात प्लास्टर कालवायचं रबरी भांडं होतं. तिने ते भिंतीवर फेकलं. म्हणाली, मला जरा बरं वाटलं की तुमच्या पोटात दुखतं. वहिनी दारात उभी राहिली, चप्पल घालून, पर्स खांद्याला लावून. तिने ना समजावलं, ना आवाज चढवला. भिंतीवरून प्लास्टर ओघळत होतं. शेवटी धाकटीने पायात चप्पल सरकवली. दादाकडे पाहून म्हणाली, गवंड्याला परत पाठव. आणि वहिनीच्या पुढे तरातरा चालू लागली. या वेळी दाखल करावं लागलं नाही. बाईंनी औषध वाढवलं, दिवसाआड बोलावलं, आणि काही आठवड्यांनी ती खाली आली. या वेळी कोसळली नाही, एकेक पायरी उतरली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. थंडीच्या दिवसांत ती पुन्हा अंथरुणाला लागली. पण या वेळी घराने वेगळी रीत धरली. दिवस वाटून घेतले. काही दादाचे, काही बायकोचे, आणि शनिवार त्या टपाल खात्यातल्या आजीचा. आश्रमातून ती रिक्षाने येई, आणि नव्या कवळीतली आपली फट दाखवत धाकटीच्या खाटेशी बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाची. धाकटी ऐकते की नाही याची ती पर्वा करत नसे. मुलगी फोन करून आत्याची चौकशी करी, आणि दादा आता तिला खरं सांगे. आज उठली नाही. आज उठली, अंघोळ केली. एकदा मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही सांगायला लागलात तेव्हापासून मला काळजी वाटत नाही. आधी ‘ठीक आहे’ म्हणायचात तेव्हा मी फोन ठेवून रडायचे.

आणि दादा जवळच्या जलतरण तलावात पोहायला शिकत होता. ही बायकोची आज्ञा. पन्नाशी उलटलेला माणूस, कमरेएवढ्या पाण्यात कठड्याला धरून पाय मारायचा, आणि बाजूने लहान पोरं माशांसारखी सुळकन जायची. पहिले काही दिवस त्याने पाण्यात असतानाही कान घराकडे लावले होते. मग नाकातोंडात पाणी गेलं, आणि पाण्यात असताना पाण्याकडेच लक्ष द्यावं लागतं हे त्याला समजलं.

एका बुधवारी तो टॉवेल खांद्यावर टाकून निघाला तेव्हा धाकटी जागी होती. तिने हाक मारली. तो दारात थांबला.

“दादा, मी पुन्हा पुन्हा अशी पडणार का रे?”

पूर्वी तो म्हणाला असता, छे, काहीतरीच काय, आता तू बरी झालीस. त्याने क्षणभर विचार केला.

“पडशील कदाचित.”

“मग?”

“मग पुन्हा उठशील. तुला वेळ लागेल, आम्ही थांबू. आम्ही काही कुठे जात नाही.” मग त्याने टॉवेल सारखा केला. “म्हणजे मी आत्ता जातोय. आज वहिनीचा दिवस आहे. मला आज कठडा सोडायचाय.”

धाकटीच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. “बुडू नकोस,” ती म्हणाली आणि कुशीवर वळली, या वेळी भिंतीकडे नाही, खिडकीकडे.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, अजून गेला नाहीत का. जातो, जातो, असं म्हणत दादा जिना उतरला, कारखान्याचं दार ओढून घेतलं, आणि वर न पाहता तलावाच्या दिशेने चालू लागला.